चहाच्या दुकानातील गणकयंत्र



वसंतातल्या संध्याकाळी काव्य, नाट्य किंवा संतवाङ्मय यांवर काही ऐकावे अशा अपेक्षेने आलेल्या श्रोत्यांपुढे जमाखर्चाचा विषय घेऊन उभे राहणे हे थोडे धाडसाचेच काम आहे. तरीही मी तो घेतला, कारण आपल्यापैकी प्रत्येकाचा आज या विषयाशी रोजचा संबंध येतो. मंडईत भाजीवालीच्या पाटीशेजारी चौकटीतली ती काळी-पांढरी नक्षी असते. आपण तिच्यापुढे हातातला फोन धरतो, भाजीवालीची पेटी 'इतके रुपये मिळाले' असे बोलते आणि आपण पुढे चालू लागतो. पैसा हातातून गेला नाही, कोणी मोजला नाही, कोणी वहीत लिहिला नाही. पण व्यवहार मात्र पुरा झाला. हा व्यवहार कोणी लिहिला? कोठे लिहिला? आणि लिहिण्यात चूक झाली तर ती कोणाच्या माथी बसेल? आजच्या व्याख्यानाचा रोख या तीन प्रश्नांकडे आहे. महाविद्यालयात वाणिज्य शिकणाऱ्या मुलांना 'माहिती तंत्रज्ञान' नावाचा विषय पहिल्या-दुसऱ्या वर्षी असतो. त्यात त्यांना यंत्राची अंगे पाठ करावी लागतात. ती अंगे कोणत्या गरजेतून उपजली, याचा इतिहास मात्र त्यांच्या वाट्याला क्वचितच येतो. तो सांगण्याचा आज प्रयत्न करतो.

माझ्या लहानपणी आमच्या घराशेजारी एक जुनी पेढी होती. तेथील दिवाणजी संध्याकाळी दिवा लागला की रोजकीर्द पुढे ओढून मेळ घालायला बसत. एका रात्री सव्वा रुपयाचा मेळ लागेना. मालक म्हणाले, "जाऊ द्या हो, सव्वा रुपयाचे काय एवढे!" दिवाणजी म्हणाले, "सव्वा रुपयाचे काही नाही; पण चूक कोठे आहे ते कळल्याशिवाय मी वही मिटणार नाही." रात्री अकरा वाजता ती चूक सापडली. एका कुळाची रक्कम दुसऱ्याच्या खाती मांडली गेली होती. त्या कुळाला ते कधी कळलेही नसते. पण त्याच्या नावावर खोटे देणे चढले असते. हिशेब म्हणजे नुसते आकडे नव्हेत, त्या आकड्यांमागे माणसाची पत असते, हा धडा मी त्या रात्री शिकलो. पुढे जे सांगणार आहे ते याच धड्याचे मोठे रूप आहे.

रोजकीर्द, खतावणी, तेरीज आणि ताळेबंद ही आपल्या व्यापाऱ्यांची चार अंगे आपल्याला परिचित आहेत. दिवसाचा व्यवहार घडेल त्या क्रमाने कीर्दीत लिहायचा, तोच खातेवार खतावणीत उतरवायचा, खात्यांची तेरीज काढायची आणि वर्षअखेर ताळेबंद मांडायचा. नीट पाहिले तर गणकयंत्राचे सारे काम यात आधीच आलेले आहे. व्यवहाराची नोंद आत घेणे, ती जपून ठेवणे, तिचे वर्गीकरण करणे, बेरीज-वजाबाकी करणे आणि मालकाला हवे ते उत्तर बाहेर काढून देणे, एवढेच तर ते यंत्र करते. कच्ची नोंद म्हणजे माहिती नव्हे, हेही दिवाणजींना ठाऊक होते. 'गोविंदाने दोन मण गूळ नेला' ही नोंद झाली. 'गोविंदाची थकबाकी दिवाळीपासून वाढत चालली आहे' ही माहिती झाली. पहिलीवरून दुसरी काढणे यात सारी बुद्धी आणि सारा वेळ खर्च होतो.

एका दिवाणजीने पेढी सांभाळता येते. पण व्यवहार लाखांनी होऊ लागले म्हणजे काय करायचे? हा प्रश्न प्रथम मोठ्या प्रमाणावर पुढे आला तो अमेरिकेच्या जनगणनेत. १८८० च्या शिरगणतीची कोष्टके पुरी करायला कित्येक वर्षे लागली, आणि पुढची गणती तोवर दाराशी येऊन ठेपली. तेव्हा हर्मन हॉलेरिथ नावाच्या अभियंत्याने एक युक्ती काढली. प्रत्येक माणसाचे एक जाड कागदाचे पत्र करायचे; वय, लिंग, जन्मस्थान, धंदा यांसाठी पत्रावर जागा नेमून द्यायच्या आणि योग्य त्या जागी भोक पाडायचे. यंत्राच्या सुया भोकातून आरपार गेल्या की विजेचा प्रवाह जोडला जाई आणि तबकडीवरचा काटा एका घराने पुढे सरके. १८९० च्या गणतीत सव्वासहा कोटींच्या वर लोकसंख्येची पत्रे अशा यंत्रांतून गेली. हॉलेरिथने १८९६ मध्ये स्वतःची कंपनी काढली. ती १९११ मध्ये इतर कंपन्यांत मिसळली आणि त्या एकत्रित कंपनीने १९२४ मध्ये जे नाव घेतले ते आपल्या ओळखीचे आहे: आय.बी.एम. पुढची साठ-सत्तर वर्षे जगातील मोठमोठ्या कचेऱ्या या भोकांच्या पत्रांवर चालल्या. पण या यंत्रांत एक उणीव होती. एक यंत्र पत्रे निवडी, दुसरे बेरीज करी, तिसरे छापी, आणि प्रत्येकाच्या मध्ये पत्रांचे गठ्ठे उचलून नेणारा माणूस लागे. सबंध काम पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच यंत्राने, मधे कोणाचा हात न लागता करावे, ही कल्पना अजून कोणाच्या मनात यायची होती.

ती कल्पना प्रत्यक्षात कोणी आणली? एखाद्या मोठ्या बँकेने, रेल्वेने किंवा सरकारी खात्याने आणली असेल असे आपल्याला वाटेल. तसे घडले नाही. ती आणली लंडनमधील चहा आणि केक विकणाऱ्या एका कंपनीने!

जे. लायन्स अँड कंपनी असे तिचे नाव. १८८७ मध्ये प्रदर्शनांतून खाद्यपेये पुरवण्याच्या धंद्यापासून तिचा आरंभ झाला आणि १८९४ मध्ये लंडनच्या पिकॅडिली रस्त्यावर तिचे पहिले चहाचे दुकान उघडले. पुढे इंग्लंडभर तिची अशी दोन-अडीचशे दुकाने झाली. मध्यमवर्गीय माणसाने, विशेषतः एकट्यादुकट्या स्त्रीने, निःसंकोचपणे जाऊन स्वच्छ टेबलावर चहा घ्यावा असे ते ठिकाण होते. मागणी मोठी, पण एका कपामागे, एका पावामागे मिळणारा नफा अगदी अल्प. जेथे नफा अल्प असतो तेथे हिशेबाचा खर्चच नफा खाऊन टाकतो. दोन आण्यांचा केक विकला आणि त्याची नोंद, बेरीज व पडताळणी यांत अर्धा आणा गेला, तर धंदा करायचा कशाला? म्हणून या कंपनीचे लक्ष स्वयंपाकघराइतकेच कचेरीकडेही असे.

१९२३ मध्ये जॉन सिमन्स नावाचा केंब्रिजचा एक गणिती तरुण या कंपनीत रुजू झाला. त्याने कचेरीतल्या कामाकडे शास्त्रज्ञाच्या नजरेने पाहिले. हा कागद कोण लिहितो, का लिहितो, कोणाकडे जातो, आणि तो मुळीच लिहिला नाही तर काय बिघडेल, असे प्रश्न तो विचारू लागला. कचेरीच्या कामाचाच अभ्यास करणारे एक स्वतंत्र खाते १९३० नंतरच्या दशकात कंपनीत निघाले. मित्रहो, ही गोष्ट मला यंत्राहून महत्त्वाची वाटते. यंत्र येण्यापूर्वी पंधरा-वीस वर्षे ही मंडळी आपले काम समजून घेत होती. ज्याला स्वतःचे काम कळलेले नाही त्याच्या दारात यंत्र आणून उभे केले, तर तो आपला गोंधळच अधिक वेगाने करू लागतो, याची उदाहरणे आपल्या आसपासच्या कचेऱ्यांत शोधायला फार लांब जावे लागणार नाही.

दुसरे महायुद्ध संपल्यावर १९४७ मध्ये कंपनीने टॉम्सन आणि स्टँडिंगफोर्ड या दोन अधिकाऱ्यांना अमेरिकेतील कचेऱ्यांच्या नव्या पद्धती पाहून येण्यासाठी पाठवले. तोफगोळ्यांच्या मार्गाचे गणित करण्यासाठी युद्धकाळात तेथे एनिअॅक नावाचे प्रचंड विद्युत्-गणकयंत्र बांधले गेले होते. त्याविषयी चौकशी करीत ते प्रिन्स्टनला हर्मन गोल्डस्टाइन या गणितज्ञाकडे गेले. तोफेचे गणित करणारे यंत्र पावाचे गणित का करणार नाही, हा त्यांचा प्रश्न होता. गोल्डस्टाइन यांनी त्यांना सांगितले की तुमच्या घराजवळच, केंब्रिजला, असे यंत्र बांधण्याचे काम चालू आहे. हे म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा असेच झाले! परत येऊन ते मॉरिस विल्क्स यांना भेटले. विल्क्स यांच्यापाशी विद्या होती, पण पैशाची चणचण होती. लायन्स कंपनीने तीन हजार पौंड आणि आपला एक कारागीर वर्षभरासाठी विद्यापीठाला दिला. मोबदल्यात पुढे आपले यंत्र बांधताना विद्यापीठाने आपल्याला मार्ग दाखवावा, एवढेच मागितले. ६ मे १९४९ रोजी केंब्रिजच्या त्या एडसॅक यंत्राने पहिले गणित सोडवले, आणि लायन्सच्या संचालकांनी स्वतःचे यंत्र बांधण्याचा निर्णय पक्का केला. त्याचे नाव ठेवले लिओ, म्हणजे 'लायन्सचे विद्युत् कार्यालय' या अर्थाच्या तीन इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे.

हे यंत्र कसे होते, याची थोडी कल्पना देतो. त्यात सुमारे सहा हजार व्हॉल्व होते, आणि त्याला अडीच हजार चौरस फुटांची जागा लागे. त्याची स्मृती पाऱ्याने भरलेल्या नळ्यांची होती. नळीच्या एका टोकाला विजेचे ठोके द्यायचे. त्यांच्या ध्वनिलहरी पाऱ्यातून संथपणे दुसऱ्या टोकाला जायच्या. तेथे त्या पुन्हा विजेच्या ठोक्यांत बदलून परत पहिल्या टोकाला सोडायच्या. आपण एखादा आकडा विसरू नये म्हणून तो ओठांतल्या ओठांत घोकत राहतो, तसे ते यंत्र सारखे घोकत असे. घोकणे थांबले की विसरले! एवढा सारा पसारा मांडून त्या स्मृतीत किती मावत असे? आजच्या मापाने रोमन लिपीतली चार-साडेचार हजार अक्षरे. आपल्या खिशातल्या फोनमध्ये एका छायाचित्राला याहून शेकडो पट जागा लागते.

पण जॉन पिंकर्टन या लिओच्या मुख्य अभियंत्याला आणि डेव्हिड कॅमिनर या कार्यपद्धतीच्या प्रमुखाला खरी अडचण स्मृतीची वाटली नाही. शास्त्रज्ञाच्या गणितात आकडे थोडे असतात आणि आकडेमोड फार असते. व्यापाराच्या गणितात नेमके उलटे असते. दहा हजार नोकरांचा पगार काढायचा तर प्रत्येकाची आकडेमोड चार ओळींची. पण दहा हजार माणसांचे आकडे आत घालायचे आणि दहा हजार चिठ्ठ्या बाहेर काढायच्या. यंत्र क्षणात हिशेब करणार आणि पुढचा आकडा येईपर्यंत हातावर हात ठेवून बसणार! म्हणून त्यांनी लिओला आत घेण्याचे आणि बाहेर देण्याचे अनेक मार्ग ठेवले, आणि एका मार्गाने काम चालू असताना दुसऱ्याने पुढची सामग्री तयार राहील अशी व्यवस्था केली. चुंबकीय फीत वापरण्याचा पहिला प्रयत्न फसला आणि त्यापायी बराच काळ गेला. शेवटी कागदी फीत आणि भोकांची पत्रे यांवरच काम भागवावे लागले. पण व्यापारी गणकयंत्र आणि शास्त्रीय गणकयंत्र यांतला फरक त्यांनी ओळखला, तो कायमचा.

नोव्हेंबर १९५१ च्या अखेरीस लिओने बेकरीतील मालाच्या किमतीचा आठवड्याचा हिशेब पूर्णपणे आपल्याकडे घेतला. रोजच्या व्यापारी कामासाठी, नेमाने, गणकयंत्र वापरले जाण्याचा हा जगातील पहिला प्रसंग मानला जातो. १९५४ पासून पगाराचे काम नियमितपणे त्याच्याकडे आले. अनुभवी कारकुनाला एका नोकराच्या पगाराचा हिशेब करायला आठ मिनिटे लागत, लिओला दीड सेकंद लागे. आणि त्याच वर्षी सुरू झालेले एक काम तर मला सर्वांत मनोहर वाटते.

प्रत्येक चहाच्या दुकानाची व्यवस्थापिका दुसऱ्या दिवशी किती पाव, किती केक, किती मांसाच्या वड्या हव्यात हे रोज कागदावर लिहून कळवीत असे. दुकाने दोनशे आणि पदार्थ कितीतरी. कॅमिनरच्या मंडळींनी विचार केला की सोमवारची मागणी बहुधा मागच्या सोमवारसारखीच असते. तर मग रोज सगळे का लिहायचे? प्रत्येक वाराची ठरीव मागणी यंत्रापाशी ठेवावी आणि बाईंनी फक्त फरक कळवावा. दुपारी नेमून दिलेल्या वेळी मुख्य कचेरीतून दुकानाला फोन जाई. कानाला फोन लावून बसलेली मुलगी 'पाव वीस जास्त, केक दहा कमी' असे ऐकता ऐकताच पत्रावर भोके पाडी. ती पत्रे लिओच्या पोटात गेली की बेकरीने एकूण किती भाजायचे, कोणत्या दुकानासाठी काय बांधायचे, याच्या याद्या छापून तयार! एवढेच नव्हे, कोणत्या दुकानाची मागणी नेहमीपेक्षा वेगळी आहे हेही व्यवस्थापकांना कळे. सगळे कागद वाचण्याची गरज उरली नाही. जेथे काही वेगळे घडले तेवढेच वाचायचे. कच्च्या नोंदीवरून माहिती काढणे मी मघाशी म्हणालो, ते हे.

या कामाची पद्धतही लक्षात ठेवण्यासारखी होती. एकाने लिहिलेली आज्ञावली दुसऱ्याने ओळीन् ओळ तपासायची. नव्या कामाचा हिशेब काही काळ यंत्राने आणि कारकुनांनी दोघांनीही करायचा, आणि दोन्हींचा मेळ बसला तरच कारकुनांना त्या कामातून मोकळे करायचे. आपल्या दिवाणजींची सव्वा रुपयाची हट्टी वृत्तीच येथे नव्या वेषात दिसते. हे काम करणाऱ्यांत मेरी कूम्ब्स ही १९५२ मध्ये दाखल झालेली तरुणी होती. व्यापारी गणकयंत्रासाठी आज्ञावली लिहिणारी ती जगातील पहिली स्त्री म्हणून ओळखली जाते.

यंत्राने कारकुनांचे काय झाले, हा प्रश्न आपल्या मनात आला असेल. युद्धोत्तर इंग्लंडात कारकून मिळणेच दुरापास्त झाले होते, त्यामुळे तेथे फारसा ओरडा झाला नाही. आपल्याकडे मात्र परिस्थिती निराळी होती. येथे पदवीधर तरुण नोकरीसाठी रांगा लावून उभे होते. आयुर्विमा महामंडळाने १९६० नंतरच्या दशकात गणकयंत्रे आणण्याचे ठरवले, तेव्हा कलकत्त्यात कर्मचाऱ्यांनी यंत्र आत येऊ नये म्हणून इमारतीवर रात्रंदिवस पहारा ठेवला. हा प्रश्न इतका पेटला की केंद्र सरकारला १९६९ मध्ये स्वयंचलनाविषयी समिती नेमावी लागली. तिचे अध्यक्ष होते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे प्रा. वि. म. दांडेकर, आणि समितीचा अहवाल १९७२ मध्ये आला. त्या कर्मचाऱ्यांना आपण आज अडाणी म्हणून हसू नये. यंत्र चांगले की वाईट एवढाच त्यांचा प्रश्न नव्हता. यंत्राचा फायदा कोणाला आणि त्याची किंमत कोणी मोजायची, असे ते विचारीत होते. तो प्रश्न आजही शिळा झालेला नाही. १९८३ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांशी करार झाला, १९८४ मध्ये डॉ. रंगराजन यांच्या समितीचा अहवाल आला, आणि त्यानंतर आपल्या बँकांत यंत्रे हळूहळू शिरू लागली. २०१६ मध्ये सुरू झालेल्या यु.पी.आय. पद्धतीने ती भाजीवालीच्या पाटीपर्यंत येऊन पोहोचली.

लिओची कथा मात्र येथे संपत नाही. आतापर्यंत आपण त्या कथेची उजळ बाजू पाहिली. आता काळी बाजू पाहू. लायन्सने १९५४ मध्ये लिओ यंत्रे विकण्यासाठी वेगळी कंपनी काढली. तिची यंत्रे मोठमोठ्या संस्थांनी घेतली, आणि त्यांत ब्रिटिश डाकखातेही होते. टेलिफोनची बिले काढण्यासाठी डाकखात्याने घेतलेली शेवटच्या पिढीची लिओ यंत्रे १९८१ पर्यंत चालली. पण चहा विकणाऱ्या कंपनीला या नव्या धंद्यात लागणारे भांडवल पेलेना. १९६३ मध्ये लिओ कंपनी इंग्लिश इलेक्ट्रिकमध्ये गेली. १९६८ मध्ये अशाच अनेक कंपन्या एकत्र होऊन आय.सी.एल. ही कंपनी झाली. तिचा मोठा हिस्सा १९९० मध्ये जपानच्या फुजित्सू कंपनीने घेतला आणि १९९८ मध्ये ती पूर्णपणे फुजित्सूची झाली.

या आय.सी.एल.ने ब्रिटिश पोस्टासाठी होरायझन नावाची हिशेबाची यंत्रणा तयार केली आणि १९९९ पासून ती देशातील हजारो लहान डाकघरांत बसवली गेली. ही लहान डाकघरे बहुधा एखादा दुकानदार आपल्या दुकानातच चालवी. गावातले ते भरवशाचे माणूस. यंत्रणा आली आणि थोड्याच दिवसांत कित्येक ठिकाणी मेळ बसेनासा झाला. यंत्र म्हणे, पेटीत इतके हजार पौंड असायला हवेत. पेटीत तेवढे नसत. तूट भरून देण्याची जबाबदारी करारानुसार तुझी, असे पोस्टाने त्या दुकानदारांना सांगितले. कोणी साठवलेला पैसा भरला, कोणी घर गहाण टाकले. 'ही अडचण तुम्हालाच येते, दुसऱ्या कोणाची तक्रार नाही', असे त्यांच्यापैकी अनेकांना सांगण्यात आले. १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक माणसे चोरी, अफरातफर आणि खोट्या हिशेबाच्या आरोपांखाली दोषी ठरली. त्यांतले सातशेच्या वर खटले पोस्टाने स्वतः चालवले होते. काही तुरुंगात गेले. दुकानदारांत भारतीय वंशाची माणसेही होती. त्यांतल्या एका स्त्रीला गरोदरपणात कारावास भोगावा लागला.

अॅलन बेट्स नावाच्या वेल्समधील एका डाकघरचालकाने मात्र 'मला हिशेब दाखवा' हा धोशा सोडला नाही. २००३ मध्ये त्याचा करार पोस्टाने संपवला. २००९ मध्ये त्याने आपल्यासारख्यांची संघटना उभारली. शेवटी पाचशे पंचावन्न जणांनी मिळून दावा लावला, आणि डिसेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की या यंत्रणेत दोष होते आणि त्या दोषांमुळे हिशेबात खोटी तूट दिसू शकत होती. कंपनीची माणसे दूर बसून, दुकानदाराच्या नकळत, त्याच्या हिशेबात फेरफार करू शकत होती हेही उघड झाले. एप्रिल २०२१ मध्ये अपील न्यायालयाने एकोणचाळीस जणांची शिक्षा रद्द केली आणि २०२४ मध्ये पार्लमेंटने कायदाच करून उरलेल्या शेकडो जणांना निर्दोष ठरवले. चौकशी समितीने २०२५ मध्ये दिलेल्या अहवालाच्या पहिल्या भागात म्हटले आहे की या प्रकरणापायी किमान तेरा जणांनी आत्महत्या केली असावी.

श्रोतेहो, हा योगायोग मला अस्वस्थ करतो. ज्या घराण्याच्या मूळ पुरुषाने यंत्राचा हिशेब कारकुनाच्या हिशेबाशी पडताळून पाहिल्याशिवाय त्यावर विसंबायचे नाही असा दंडक घातला, त्याच घराण्याच्या चौथ्या पिढीत यंत्राचा शब्द प्रमाण मानून माणसाला खोटे ठरवले गेले. मधल्या पन्नास वर्षांत काय बदलले? यंत्रे लाखो पटींनी वेगवान झाली. पण ज्याचा हिशेब त्याच्या हातातून वही गेली. लिओच्या वेळी हिशेब करणारे, यंत्र चालवणारे आणि त्याचे फळ भोगणारे एकाच छपराखाली होते. चूक झाली तर बेकरीतला माणूस जिना चढून येऊन सांगू शके की माझे केक इतके नव्हते. होरायझनच्या दुकानदाराला ना वही दिसत होती, ना ती लिहिणारा. त्याच्यापुढे फक्त एक आकडा होता. आणि त्यातच इंग्लंडच्या कायद्याने घात केला. यंत्र नीट चालत होते हे सिद्ध केल्याखेरीज त्याचा पुरावा घेऊ नये, असे तेथील १९८४ च्या कायद्यात कलम होते. ते १९९९ च्या कायद्याने काढून टाकण्यात आले. यंत्र बरोबरच असते असे गृहीत धरायचे आणि ते चुकले हे आरोपीने दाखवायचे! ज्याच्या हाती काहीच नाही त्याने काय दाखवायचे?

आपल्या देशात या बाबतीत थोडी अधिक सावधगिरी दिसते. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने पुराव्याच्या १८७२ च्या कायद्यात एक कलम घातले. यंत्रातून निघालेला कागद न्यायालयात मांडायचा तर जबाबदार व्यक्तीचे प्रमाणपत्र त्याला जोडावे लागे. जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही अशी तरतूद आहे. पण प्रमाणपत्राचा कागद म्हणजे सत्य नव्हे, हेही विसरता कामा नये. पंजाब नॅशनल बँकेने फेब्रुवारी २०१८ मध्ये जाहीर केलेले मुंबईच्या शाखेतील प्रकरण आठवा. परदेशी बँकांना हमीचे संदेश एका यंत्रणेतून जात होते आणि बँकेची खतावणी दुसऱ्या यंत्रणेत होती. दोन्ही एकमेकींना जोडलेल्या नव्हत्या, आणि हमी दिल्याची नोंद खतावणीत झालीच नाही. हजारो कोटींची देणी उभी राहिली आणि तेरजेत त्यांचा मागमूस नव्हता! इंग्लंडात यंत्राने न घडलेले सांगितले. मुंबईत यंत्राला घडलेले सांगितलेच गेले नाही. कीर्दीत एक आणि खतावणीत दुसरे, हा जुन्या पेढीवरचा जुनाच दोष. त्याने वेष तेवढा नवा घेतला.

मग या इतिहासावरून आपण काय घ्यायचे? यंत्र नको, असे मी म्हणणार नाही. दीड सेकंदात होणाऱ्या कामासाठी माणसाची आठ मिनिटे जाळण्यात पुरुषार्थ नाही, आणि भाजीवालीच्या हाती सुट्या पैशांच्या कटकटीविना दाम पडतो ही लहान गोष्ट नव्हे. मी एवढेच म्हणेन की आपल्या जुन्या व्यवहारात एक साधी रीत होती. कूळ पेढीवर जाऊन म्हणे, "दिवाणजी, माझा खातेउतारा द्या," आणि दिवाणजींना तो द्यावा लागे. ज्याच्या नावावर देणे आहे त्याला नोंद पाहण्याचा, ती कोणी केली हे विचारण्याचा आणि 'हे मला मान्य नाही' असे म्हणण्याचा अधिकार होता. सावकाराने तो नाकारला की गाव त्याला लबाड म्हणे. वही कागदाची असो, पाऱ्याची असो की अदृश्य असो, हा अधिकार सुटता कामा नये. वाणिज्य शिकणाऱ्या ज्या मुलामुलींच्या हाती उद्या या वह्या जाणार आहेत त्यांनी यंत्राची अंगे जरूर पाठ करावीत. पण एखादा माणूस समोर येऊन 'मी एवढे घेतले नव्हते' असे म्हणाला, तर पडद्यावरचा आकडा त्याच्या तोंडावर फेकण्यापूर्वी त्यांनी एकदा कीर्द उघडावी.

सव्वा रुपयासाठी रात्री अकरापर्यंत जागणारे आमचे दिवाणजी कधीच निवर्तले. त्यांना गणकयंत्र म्हणजे काय हे ठाऊक नव्हते. परंतु मेळ बसल्याशिवाय वही मिटायची नाही, आणि तो बसला नाही तर कुळाला चोर ठरवण्याआधी आपलीच वही तपासायची, एवढे त्यांना पक्के ठाऊक होते.